नमुना पोहोचतो, अहवाल पोहोचत नाही

श्रोतेहो, नमस्कार.

आनुवंशिक आजारांची सेवा ग्रामीण भागात पोहोचत नाही, याचे खापर आपण बहुधा महागड्या यंत्रांच्या अभावावर फोडतो. मला हे निदान अपुरे वाटते. अमेरिकी संशोधक रॉबर्ट गथ्री यांनी १९६०च्या दशकाच्या आरंभी नवजात बाळाच्या टाचेतील रक्ताचे थेंब गाळणकागदावर वाळवून तपासण्याची पद्धत रूढ केली, तेव्हापासून नमुना साध्या टपालानेही प्रयोगशाळेत जाऊ शकतो. अडते ते परतीच्या वाटेवर. अहवालात आजाराची शंका दिसली, तर ते कुटुंब शोधायचे कोणी, खात्रीची दुसरी चाचणी करायची कोठे आणि उपचार सुरू करायचे कोणी, हे ठरलेले नसते. फिनाइलकीटोन्युरिया या चयापचयाच्या आनुवंशिक आजारात विशिष्ट आहार पहिल्या काही आठवड्यांतच सुरू व्हावा लागतो. सिकल सेल हा आनुवंशिक रक्तविकार असलेल्या बाळाला जंतुसंसर्गापासून वाचवणारे पेनिसिलिन दोन-तीन महिन्यांच्या वयापासून द्यावे लागते. उशिरा मिळालेला अहवाल बरोबर असूनही निरुपयोगी ठरतो.

त्याहून अवघड काम समजावून सांगण्याचे आहे. थॅलेसेमिया (हाही आनुवंशिक रक्तविकारच) किंवा सिकल सेलमध्ये आई आणि वडील दोघेही वाहक, म्हणजे सदोष जनुकाची एकच प्रत बाळगणारे, असतील, तर प्रत्येक गर्भारपणात बाळ आजारी असण्याची शक्यता २५ टक्के असते. ‘एक मूल आजारी निघाले, आता पुढची तीन निरोगी’, असा त्याचा अर्थ मुळीच नाही. तरीही अनेक घरांत तोच लावला जातो आणि दोष मात्र एकट्या आईच्या माथी येतो. वाहक व्यक्ती बहुतांशी निरोगीच असते, हे सांगायचे राहिले, तर तपासणीने दिलासा मिळण्याऐवजी एखाद्याचे लग्न मोडते. लहान गावात तर चाचणी करणारी परिचारिकाही ओळखीची असते. म्हणून अहवालाची गुप्तता तेथे शहरापेक्षा अधिक काटेकोरपणे पाळावी लागते.

प्रत्येक गावाला आनुवंशशास्त्रज्ञ मिळणार नाही, हे उघड आहे. मात्र तीन पिढ्यांची वंशावळ कागदावर मांडणे, कोणते मूल कधी आणि कशाने दगावले हे हळुवारपणे विचारणे, ही कामे प्रशिक्षित परिचारिका उत्तम करू शकते. तज्ज्ञाने व्हिडिओवरून बोलावे आणि तिने कुटुंबाशेजारी बसून त्यांच्या बोलीत ते उलगडावे. वाहक चाचणी शक्यतो गर्भधारणेपूर्वीच व्हावी, कारण गर्भजलाची तपासणी साधारणतः पंधराव्या आठवड्यानंतर होते आणि पहिली भेटच उशिरा झाली, तर विचार करायला वेळ उरत नाही.

म्हणून एखाद्या योजनेत नमुने गोळा करण्यासाठी निधी असेल, पण समुपदेशकाच्या वेतनाची आणि कुटुंबाच्या प्रवासखर्चाची तरतूद नसेल, तर तपासणी सुरू करण्याआधी ती तरतूद मागून घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.