पेटी आधी उघडा

तुमच्यापैकी निम्म्यांच्या घरी, नाहीतर आजोळी, ठासणीची बंदूक असेल किंवा होती. डुकरं-वानरांसाठी, परवान्याची. त्यामुळे इथे रत्नागिरीत नळी, घोडा, चाप हे काही मी फोडून सांगत बसत नाही. आज बोलायचंय ते पेटीबद्दल.

सुटं जुनं विलायती पिस्तूल एका भावाला जातं. तेच मूळच्या पेटीत, दारूची कुपी, गोळ्यांचा साचा, गज, तेलाची बाटली यांच्यासकट मिळालं तर भाव कुठल्या कुठे चढतो. म्हणून खऱ्या पिस्तुलाला खोटी पेटी जोडतात. पिस्तूल अस्सल, त्यामुळे आपण गाफील. मीही होतो. वीसेक वर्षांपूर्वी घेतलेलं माझं पिस्तूल चकमकीचं, म्हणजे गारेच्या ठिणगीनं उडणारं, आणि पेटीत टोप्यांची, म्हणजे घोड्याच्या ठोक्यानं पेटणाऱ्या इवल्या टोपणांची, सुंदर पत्र्याची डबी! डबी बघूनच मी हरखलो. घरी आल्यावर डोक्यात प्रकाश पडला: या टोप्या रूढ झाल्या 1820 च्या दशकात, आणि चकमकीला त्यांचं काम काय? चकमकीचं पिस्तूल मागाहून टोपीचं करून घेतलेलं असतं, तर डबी शोभली असती. माझं होतं तसंच राहिलेलं.

मग पेटी नीट पाहिली. आत हिरवी बनात, सगळीकडे सारखीच टवटवीत. दीडशे-दोनशे वर्षं एकाच जागी पिस्तूल पडून असेल तर त्याच्याखालची बनात गडद राहते, भोवतालची विटते. घोड्याचं टोक झाकणाच्या अस्तरात रुतून खळगा पडतो. तेलाचा डाग पडतो तोही चापाच्या यंत्राखाली, भलतीकडे नाही. माझ्या पेटीत यातलं काहीच नव्हतं. दोघं आदल्या आठवड्यात भेटले असावेत. कोपऱ्यातला एक धागा जाळून पाहिला, तर केस जळल्याचा वास नाही, नुसता वितळून गोळा झाला. खरी बनात लोकरीची. आपल्याकडे तिला कसर लागतेच, आणि कसरीनं खाल्लेली भोकं बघून मला हल्ली आनंद होतो. बिजागरीत अधिकच्या चिन्हासारख्या (+) खाचेचा स्क्रू दिसला तर पुढे बघायचंच नाही, तो 1930 च्या दशकातला. लाकूडही बघा. विलायती पेटी बहुधा ओक किंवा महोगनीची. पिवळसर फणस दिसला तर ती लंडनला शिवलेलीसुद्धा नाही.

गंजाबद्दल मात्र आपण कोकणातल्या माणसांनी विशेष सांभाळावं. बाहेर लोक गंजावरून वय काढतात. इथे कोयता पावसात आठवडाभर पडवीबाहेर विसरा, तांबूस होतो. खाऱ्या वाऱ्यात दोन पावसाळे काढलेली नवी नळी दोनशे वर्षांची म्हणून खपते. जुना गंज काळपट, घट्ट बसलेला असतो, हात लागतो तिथे गुळगुळीत. ताजा केशरी, आणि बोटाला लागतो. शिक्केही भिंगातून पाहा. ठोकलेल्या शिक्क्याची कड धारदार असते, ओतीव नकलेत ती विरघळल्यासारखी. ईस्ट इंडिया कंपनीच्या बंदुकांवर सिंह आला 1808 मध्ये, त्याआधी बदामाच्या आकाराचा शिक्का असे. सिंहाशेजारी 1799 कोरलेलं दिसलं तर विक्रेत्याला चहा पाजा आणि निरोप द्या.

आणि ती ‘कान्होजी आंग्र्यांच्या आरमारातली’ बंदूक! अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत मला चार जणांनी दाखवली आहे. कान्होजी 1729 मध्ये गेले. चारही बंदुका टोपीच्या होत्या, म्हणजे मधे किमान नव्वद वर्षांचा खड्डा. त्या बहुधा कुणाच्या तरी आजोबांच्या, डुकरं मारायच्या बंदुका. खऱ्याच आहेत त्या, फक्त आंग्र्यांच्या नाहीत. आणि बार उडत असेल तर जुनी म्हणून परवाना सुटत नाही, हेही ध्यानात असू द्या.

समोरच्या टेबलावर दोन पेट्या ठेवल्या आहेत. एक माझ्या फजितीची. कुठली ते मी सांगणार नाही. झाकणाचं अस्तर चाचपा, आत नाक घालून वास घ्या. डिंकाचा येतो का बघा.