निळं झालं, पण पिकलं का?

(दृश्य: दहिवरानं पांढरी झालेली फांदी, तिच्यावर फिकट पिवळी फुलं)

ही हॅस्कॅपची फुलं. हॅस्कॅप म्हणजे निळ्या बेरीसारखी फळं देणारं झुडूप. या फुलांनी रात्र गोठणबिंदूखाली काढली आहे. उणे ७ अंशांपर्यंत ती तग धरतात. झुडूप तर उणे ४७ सुद्धा सोसतं. अशा थंडीत सफरचंदाचा मोहोर करपून जातो. हॅस्कॅपचा नाही.

कॅनडातल्या सस्कॅचेवान विद्यापीठात बॉब बोर्स यांनी या झुडपाची नवी वाणं घडवण्याचं काम केलं. मूळचं ते सायबेरिया, कुरील बेटं, जपानचं होक्काइडो अशा गारठ्याच्या मुलखातलं.

(दृश्य: चिमटा, कळी)

संकर असा होतो. कळी उमलण्याआधीच उघडायची, पुंकेसर खुडायचे, दुसऱ्या झुडपाचे पराग लावायचे. मग बी, मग रोपं, मग फळ धरेपर्यंत वाट बघणं. फळं चाखायची आणि बहुतेक रोपं बाद करायची. कौतुक करायचं तर या बाद करण्याचं करावं. तिथेच वाण घडतं.

२००७ साली दोन वाणं बाहेर आली. ‘टुंड्रा’चं फळ टणक, यंत्रानं काढता येण्याजोगं. ‘बोरिॲलिस’चं मोठं आणि नाजूक, म्हणजे परसबागेसाठी, हातानं तोडायचं. दोघी नात्यातल्या, त्यामुळे एकमेकींच्या परागानं नीट फळत नाहीत. शेजारी ‘ऑरोरा’सारखं परकं वाण हवंच.

(दृश्य: फुलात शिरणारी केसाळ बंबलबी)

मधमाश्या बाहेर पडत नाहीत अशा गारठ्यातही ही बंबलबी, मधमाशीची जाडजूड नातेवाईक, कामावर असते. फुलं बघा, जोडीनं येतात. आणि दोन फुलांचं मिळून फळ एकच.

(दृश्य: सुरीनं कापलेली दोन फळं)

बाहेरून दोन्ही सारखीच निळी. पण एक आतून हिरवट आहे, दुसरं गर्द लालजांभळं. लोक पहिलं तोडतात, तोंड वाकडं करतात आणि झुडपाला नावं ठेवतात. निळं झाल्यावरही फळ काही दिवस झाडावरच राहू द्यावं. गोडी त्यानंतर भरते, आंबटपणा थोडा उरतोच. साल इतकी पातळ की जिभेवर विरघळते, बियाही दाताखाली येत नाहीत. म्हणून आइस्क्रीमवाल्यांना हे फळ आवडतं.

पक्ष्यांनाही आवडतं. जाळी लावली नाही, तर तोडणी तेच उरकतात.