रविवारची ख्रिस्ती उपासना : क्रम आणि त्यामागचा विश्वास

श्रोतेहो, नमस्कार.

ख्रिस्ती माणसं रविवारी सकाळी चर्चला जातात, हे सगळ्यांना ठाऊक असतं. तिथे तास-दीड तास नेमकं काय चालतं, ते शेजाऱ्यापाजाऱ्यांना सहसा माहीत नसतं. आणि खरं सांगायचं तर नेमाने जाणाऱ्यांतल्याही अनेकांना उपासनेतला अमुक भाग तमुक भागाच्या आधी का, हे विचारलं तर सांगता येत नाही. आजचं बोलणं त्या क्रमाबद्दल आहे. ख्रिस्ती विश्वासाची मुख्य तत्त्वं ग्रंथांत आहेतच, पण साध्या भाविकाच्या अंगवळणी पडतात ती या क्रमामुळे. वेळ वाचवायला एखादा भाग गाळला की पहिल्या रविवारी कोणाच्या लक्षातही येत नाही. काही वर्षांनी मात्र त्या भागात जे तत्त्व होतं, तेच मंडळीच्या, म्हणजे त्या चर्चमध्ये जमणाऱ्या समुदायाच्या, बोलण्यातून नाहीसं झालेलं दिसतं.

हा क्रम फार जुना आहे. इ.स. 155च्या सुमारास रोममध्ये जस्टिन नावाच्या ख्रिस्ती विचारवंताने सम्राटाला उद्देशून एक लेखी निवेदन केलं. ख्रिस्ती लोक एकत्र जमून काय करतात, याबद्दल तेव्हा नाही नाही त्या अफवा होत्या, म्हणून त्याने सरळ वर्णनच लिहून टाकलं. रविवारी गावातले आणि खेड्यांतले लोक एका ठिकाणी जमतात. प्रेषितांच्या, म्हणजे येशूने पाठवलेल्या पहिल्या शिष्यांच्या, आठवणी किंवा संदेष्ट्यांची लेखनं वेळ असेल तितकी वाचतात. मग प्रमुख उपदेश करतो. सगळे उभे राहून प्रार्थना करतात. भाकर, द्राक्षारस आणि पाणी आणलं जातं, प्रमुख उपकारस्तुती करतो, लोक ‘आमेन’ म्हणतात आणि वाटप होतं. जे आले नाहीत त्यांच्याकडे सेवक वाटा पोचवतात. ज्याला शक्य आहे तो दान देतो. ते अनाथ, विधवा, आजारी, बंदिवान आणि परके यांच्यासाठी वापरलं जातं.

आज अहिल्यानगरच्या (पूर्वीच्या अहमदनगरच्या) एखाद्या प्रॉटेस्टंट मंडळीत जा, नाहीतर वसईत मराठी मिस्सेला, म्हणजे कॅथलिक उपासनेला, बसा. गाणी निराळी, वस्त्रं निराळी, पण सांगाडा हाच : आधी वचन, म्हणजे शास्त्रवाचन आणि उपदेश, मग प्रभूचं मेज, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस वाटून घेण्याचं प्रभुभोजन. कॅथलिक चर्चमध्ये लोकभाषेतल्या मिस्सेला वाट मिळाली ती कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेमुळे, 1963 नंतर. त्याआधी ती लॅटिनमध्ये होई.

उपासनेची सुरुवात स्तोत्रातल्या एखाद्या ओळीने होते. उपासना चालवणारा चालक ती वाचतो आणि मंडळी गाते. म्हणजे पहिला शब्द देवाचा, दुसरा माणसाचा. ख्रिस्ती उपासना देवाला प्रसन्न करून घेण्यासाठी नसते. देवाने येशू ख्रिस्तात जे करायचं ते आधीच केलं आहे, त्याला माणसाने दिलेलं ते उत्तर आहे. म्हणून माइक तपासणं, पाहुण्यांचं स्वागत आणि वाढदिवसांच्या शुभेच्छा यांनी सुरुवात केली, की पहिला शब्द आपलाच होतो. ते सगळं उपासनेच्या आधी पाच मिनिटांत उरकावं.

स्तुतीनंतर पापांगीकार, म्हणजे पापांची कबुली. तो सगळ्यांनी मिळून अनेकवचनात म्हणायचा असतो : आम्ही पाप केलं आहे. त्याआधी निदान अर्धा मिनिट शांतता हवी. चालकाला ती शांतता जड जाते, दहा सेकंदांतच तो पुढची ओळ सुरू करतो, आणि लोकांच्या मनात एकही गोष्ट नीट वर येत नाही. याहून मोठी चूक पुढची. पापांगीकार होतो आणि लगेच गीत लागतं. पापक्षमेची घोषणा राहूनच जाते. ख्रिस्ती विश्वासाचा गाभा हा, की ख्रिस्ताच्या मरणामुळे क्षमा मिळते, ती कृपा आहे, कमाई नाही. ती घोषणा मोठ्याने झाली नाही, तर माणूस नुसतं ओझं घेऊन बसून राहतो.

मग शास्त्रवाचन : जुना करार, स्तोत्र, प्रेषितांचं एखादं पत्र आणि शुभवर्तमान, म्हणजे मत्तय, मार्क, लूक किंवा योहान यांनी लिहिलेलं येशूचं चरित्र. कॅथलिक चर्चमध्ये आणि बऱ्याच प्रॉटेस्टंट चर्चमध्येही तीन वर्षांचं चक्र आहे : एक वर्ष मत्तय, एक मार्क, एक लूक. योहान अधूनमधून, विशेषतः पुनरुत्थानाच्या, म्हणजे ईस्टरच्या, काळात. पंधरा ओव्यांच्या वाचनाला दोन-तीन मिनिटं लागतात, तेव्हा वेळ वाचवायला जुना करार गाळणं हे मला कधीच पटलेलं नाही. दुसऱ्या शतकात मार्शन नावाच्या माणसाने जुना करार मुळातच नको म्हटलं होतं, आणि 144 मध्ये रोमच्या मंडळीने त्याला बाहेर काढलं. सृष्टी निर्माण करणारा देव आणि येशूचा पिता एकच आहे, हे ख्रिस्ती माणूस मानतो. जुन्या कराराचं वाचन त्याची दर आठवड्याची आठवण आहे. वाचणाऱ्याने उतारा घरी दोनदा मोठ्याने वाचून यावा. ‘नबुखद्नेस्सर’ हे नाव पहिल्यांदा उच्चारण्याची जागा व्यासपीठ नव्हे.

उपदेशानंतर अनेक ठिकाणी विश्वासांगीकार, म्हणजे आपण काय मानतो ते सांगणारं ठरलेलं निवेदन, सगळे मिळून म्हणतात. पिता, पुत्र, पवित्र आत्मा असे त्याचे तीन भाग. त्यात देवाखेरीज दोनच नावं येतात : मरिया आणि पंतय पिलात. रोमन सुभेदाराचं नाव प्रार्थनामंदिरात दर रविवारी का घ्यायचं? कारण येशूचं मरण ही पुराणकथा नाही, अमुक अधिकाऱ्याच्या काळात घडलेली घटना आहे, असा चर्चचा दावा आहे.

निकेया इथे 325 मध्ये भरलेल्या बिशपांच्या परिषदेने पुत्राबद्दलची, म्हणजे येशू ख्रिस्ताबद्दलची, भाषा पक्की केली. 381 मध्ये कॉन्स्टँटिनोपलला ती पुढे नेली गेली. वाद आलेक्सांद्रियाच्या आरियसने काढला होता. पुत्र थोर आहे, पण निर्माण केलेला आहे, असं तो म्हणे. हा वाद नुसत्या तर्काचा नव्हता. त्याच्या दोनशे वर्षं आधी, 112च्या सुमारास, प्लिनी या सुभेदाराने सम्राट ट्राजनला कळवलं होतं, की हे लोक ठरलेल्या दिवशी पहाटे जमतात आणि ख्रिस्ताला देव मानून गीत गातात. ख्रिस्त जर निर्माण केलेला असेल, तर ते गाणं मूर्तिपूजा ठरतं. म्हणजे तत्त्वाच्या आधी उपासना होती. उपासनेत जे चाललं होतं, त्याला निकेयात शब्द मिळाले. आपल्याकडे ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी मराठी मंडळीच्या तोंडी भजनं दिली, त्याचंही मोल तेच. उपदेश घरी जाईपर्यंत विसरतो, भजन राहतं.

आता एक चूक जवळून पाहू, कारण ती मराठी मंडळ्यांत दर आठवड्याला ऐकू येते. उत्स्फूर्त प्रार्थना चालू आहे. ‘हे स्वर्गीय पित्या, आम्ही तुझे आभार मानतो’ इथपर्यंत ठीक. आणि पुढे : ‘कारण तू आमच्यासाठी वधस्तंभावर रक्त सांडलंस, येशूच्या नावाने मागतो, आमेन.’ वधस्तंभावर पिता मेला नाही, पुत्र मेला. देव एकच, पण पिता म्हणजे पुत्र नव्हे. तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीला तर्तुल्यन या ख्रिस्ती लेखकाने नेमक्या याच गोंधळावर टीका केली होती. असं का होतं? प्रार्थना करणारा श्वास न घेता बोलतो, संबोधन विसरतो, आणि जिभेवर बसलेली वाक्यं जोडत जातो. उपाय सोपा आहे. प्रार्थना पित्याला, पुत्राच्या द्वारे, पवित्र आत्म्याच्या साहाय्याने. ज्याला हाक मारली त्याच्याशीच शेवटपर्यंत बोलावं. दोन ओळी आधी कागदावर लिहिल्या तर पवित्र आत्मा रागावत नाही.

मध्यस्थीच्या, म्हणजे इतरांसाठी केलेल्या, प्रार्थनेत मंडळी, देश, राज्यकर्ते, आजारी, शोकग्रस्त असे सगळे यायला हवेत. नुसत्या आपल्याच नोकऱ्या आणि परीक्षा नकोत. आजाऱ्याचं नाव घ्यावं. त्याचा आजार माइकवर सांगू नये.

अर्पण, म्हणजे उपासनेत थैली फिरवून गोळा केलेलं दान, हे प्रवेशशुल्क नव्हे. पाहुणे म्हणून आलेल्यांनी थैली पुढे सरकवली तरी चालतं. ते ख्रिस्ती नसतील तर उपासनेला खुशाल बसावं, मात्र प्रभुभोजन बाप्तिस्मा झालेल्यांसाठी असतं, तेव्हा जागेवरच राहावं. त्यात अपमान कोणाचाच नाही.

प्रभुभोजनाबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं. येशूला धरून दिलं त्या रात्री त्याने भाकर घेतली, उपकारस्तुती केली, मोडली आणि दिली. या चार क्रिया आजही त्याच क्रमाने होतात. ख्रिस्त तिथे कसा हजर असतो, याबद्दल कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट यांच्यात खरा मतभेद आहे, तो मी इथे पुसून टाकणार नाही. पण बिघाड कुठे होतो ते प्रेषित पौलाने इ.स. 55च्या आसपास करिंथच्या मंडळीला लिहिलं, आणि ते दोघांनाही लागू आहे. तिथे काही जण आपलं जेवण आधीच उरकून घेत, कोणी भुकेला राही, कोणी झिंगे. पौलाने साफ सांगितलं, हे प्रभूचं भोजन नव्हेच. भाकर एक, म्हणून खाणारे सगळे एक शरीर. जिथे पाणवठेही वेगळे होते, त्या समाजात एका प्याल्याला ओठ लावणं किती अवघड होतं, हे मराठी श्रोत्याला वेगळं सांगायला नको.

तयारीचा हिशेब असा. कॅथलिक नियमानुसार भाकर निव्वळ गव्हाची आणि बेखमीर, द्राक्षारस खऱ्या द्राक्षांचा. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत बरेचदा काळ्या मनुकांचा रस करतात. शंभर माणसांना छोट्या प्याल्यांत दहा-दहा मिलीलीटर म्हणजे एक लीटर लागतो. अर्धा किलो मनुका दीड लीटर पाण्यात रात्रभर भिजवाव्या, सकाळी वीस मिनिटं उकळून, कुस्करून, फडक्याने गाळाव्या. शुक्रवारी करून फ्रीजबाहेर ठेवला तर मे महिन्यात रविवारपर्यंत तो आंबतो. पावाच्या कडा काढून एका स्लाइसचे सोळा तुकडे होतात. सात स्लाइस शंभर जणांना पुरतात. तुकडे आदल्या रात्री केले तर वाळून भुगा होतो, म्हणून सकाळीच कापून स्वच्छ कापडाखाली झाकावेत. एक भाकर मात्र अख्खी ठेवावी, लोकांसमोर मोडण्यासाठी. सगळं आधीच कापलेलं असेल तर मोडणं दिसतच नाही. उरलेलं कचऱ्यात जात नाही; सेवक ते तिथेच आदराने संपवतात.

जस्टिनच्या वर्णनातलं घरपोच वाटपही अजून चालू आहे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाकडे पाळक किंवा फादर जातात. छोटं वाचन, पापांगीकार, प्रार्थना, भोजन. पंधरा-वीस मिनिटांत आटोपतं. प्रॉटेस्टंट मंडळीत गिळायला त्रास असेल तर बारीकसा कण रसात बुडवून देतात. रुग्णाला मधुमेह आहे का, नळीने अन्न चालू आहे का, नुकतंच औषध दिलंय का, हे घरच्यांनी आदल्या दिवशी फोन करून सांगावं. दारात सांगितलं तर तयारी करायला वेळ उरत नाही.