लाईट आणायची घाई

मंडळी, आपल्याकडं लाईट जाणं ही काही बातमी नाही. भारनियमनात एक अख्खी पिढी कंदिलावर अभ्यास करून पास झाली. पण भारनियमनाला वेळापत्रक असतं, वादळाला नसतं. 2014 साली फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत गारपिटीनं मराठवाड्याची पाठ सोडली नाही. 2018 ला 11 फेब्रुवारीला जालना-बीडकडं गारांनी उभी पिकं झोडपली. उत्तरेकडची कोरडी थंड हवा आणि बंगालच्या उपसागरावरून आलेली दमट हवा यांची आपल्या डोक्यावर गाठ पडली की हे होतं. पिकांच्या नुकसानीवर बोलणारे पुष्कळ आहेत, आणि बोललंच पाहिजे. मला वाचनालयानं बोलावलंय ते घरातल्या अंधाराबद्दल. जन्मभर आयटीआयत वायरमन ट्रेडची पोरं शिकवली, तेव्हा माझं बोलणं फिरून फिरून तारेवरच येणार.

माझं म्हणणं एवढंच आहे, की अशा वेळी माणसं अंधारापेक्षा लाईट परत आणायच्या घाईत जास्त दगावतात.

गारा थांबल्या की चार-पाच जण डीपीकडं, म्हणजे गावातल्या ट्रान्सफॉर्मरकडं, निघतात. एकाच्या हातात बांबू, दुसऱ्याच्या खिशात फ्यूजची तार. बांबू वाळलेला असला तरी पावसात भिजलेला असतो, आणि वर अकरा हजार व्होल्टची लाईन. गावात अंधार आहे म्हणजे लाईन मेली, असं धरून चालतात. अहो, फॉल्टवर ट्रिप झालेली, म्हणजे बिघाडानं आपोआप बंद पडलेली लाईन उपकेंद्रातला ऑपरेटर थोड्या वेळानं पुन्हा चालू करून बघतो. तो कधी करील, हे डीपीखाली उभ्या माणसाला कसं कळणार?

तुटून पडलेल्या तारेचंही तेच. तार जमिनीला टेकली की भोवतालच्या ओल्या मातीत करंट पसरतो आणि तारेपासून दूर जावं तसा कमी होत जातो. त्यामुळं दोन पायांखाली विजेचे दोन वेगळे दाब असतात, आणि जितका पाय फाकला तितका फरक जास्त. म्हणून माणूस वाचतो तिथं बैल जातो, त्याच्या पुढच्या-मागच्या पायांत अंतर केवढं! अशा जागी सापडलात तर धावू नका. दोन्ही पाय जुळवून, तळवे न उचलता, सरकत सरकत मागं या. जनावर पडलं असलं तरी लाईन बंद झाल्याची खात्री होईपर्यंत त्याच्याकडं जायचं नाही. हे ऐकायला निर्दयी वाटतं, मला ठाऊक आहे.

आता जनरेटर. लग्नाच्या मांडवातला भाड्यानं आणतात आणि थेट घरच्या बोर्डात खुपसतात. चेंजओव्हर स्विच, म्हणजे घर एकतर लाईनला नाहीतर जनरेटरला जोडणारा खटका, नसला की तो करंट सर्व्हिस वायरनं उलटा डीपीत जातो. डीपी आपलं काम इमानानं करते, उलट्या बाजूनं. घरातले 230 व्होल्ट पलीकडं अकरा हजार होऊन निघतात, आणि तिकडं लाईन बंद समजून वायरमन पोलवर चढलेला असतो. स्लॅबवर सोलर बसवलेली मंडळी मला विचारतात, ‘ऊन पडलंय, तरी आमची लाईट का गेली?’ याच कारणानं. बॅटरी नसलेलं ऑनग्रिड, म्हणजे बाहेरच्या लाईनला जोडलेलं सोलर लाईन गेली की आपोआप बंद पडतं, तसं ते मुद्दाम बनवलेलं असतं.

घरात काय करायचं, ते थोडक्यात सांगतो. बारा व्होल्ट, 150 एएचची (अँपिअर-तासांची) बॅटरी कागदावर 1800 वॅट-तास देते. हाती हजार-बाराशे धरा. नऊ वॅटचे तीन एलईडी आणि मोबाइल एवढंच चालवलं तर दिवसभर पुरेल, टीव्ही आणि दोन पंखे लावले तर चार-पाच तासांत संपली. थंडीत पंखा कशाला, म्हणाल. पण आपले डास थंडीला कुठं भितात! फ्रिज उघडला नाही तर चारेक तास थंडावा टिकतो. उघडलेली इन्सुलिनची बाटली अशा थंड दिवसांत बाहेर टिकते, किती दिवस ते वेष्टनावर असतं. आणि शेगडी. म्हातारी कुडकुडते म्हणून पेटत्या कोळशाची शेगडी खोलीत घेऊन दार-खिडकी लावू नका. कार्बन मोनॉक्साइडला ना वास, ना रंग. रक्तात तो प्राणवायूच्या दोनशेपट घट्ट बसतो. वाकळ द्या, गरम पाण्याची पिशवी द्या.

लाईट आल्यावरची गोष्ट मात्र नीट ऐका. गेल्याबरोबर मेन स्विच सोडून बाकी सगळी बटणं बंद करा, एक साधा, एलईडी नव्हे तर जुना तारेचा, बल्ब तेवढा चालू ठेवा. वादळात डीपीवरचा न्यूट्रल, म्हणजे करंट परत नेणारी तार, तुटलेला असला तर 230 च्या जागी घरात जवळजवळ 400 व्होल्टसुद्धा येतात. बल्ब नेहमीपेक्षा झगझगीत पेटला, किंवा कमी-जास्त होऊ लागला, की लगेच मेन पाडा. दहा-वीस रुपयांचा बल्ब गेला तरी चालेल, फ्रिज आणि टीव्ही वाचतात.

तक्रारीसाठी महावितरणचा 1912 नंबर आहे. तिथं बारा अंकी ग्राहक क्रमांक विचारतात. तो वीजबिलावर असतो आणि अंधारात बिल काही सापडत नाही. टॉवरची बॅटरी उतरली की फोनही लागत नाही, म्हणून पहिल्या तासातच तक्रार नोंदवा. आज घरी गेलात की तो क्रमांक मीटरच्या पेटीशेजारी भिंतीवर ऑइलपेंटनं लिहून टाका, खाली डीपीचं नावही लिहा.