‘वयच झालं’ म्हणण्याआधी

स्मृतिभ्रंशाची शंका आली की एक सोपी चाचणी घेतात: कागदावर घड्याळ काढायचं. गोल, आत बारा आकडे, वेळ अकरा वाजून दहा मिनिटं. मोठा काटा दोनवर यायला हवा. पण ‘दहा’ कानावर पडताच काही रुग्ण तो थेट दहाच्या आकड्यावर नेतात. ही पहिली ओढ आवरून विचार करणं हे मुख्यतः मेंदूच्या पुढच्या भागाचं काम, आणि ते इथे अडखळतं. अर्थात, एवढ्यावरून निदान होत नाही.

आधी विचारायचं ते हे: त्रास कधीपासून? परवापर्यंत ठीक असलेली व्यक्ती एकाएकी असंबद्ध बोलू लागली, मध्येच भानावर येते, मध्येच गुंगीत जाते, तर डिलिरियमची, म्हणजे अचानक उद्भवलेल्या संभ्रमावस्थेची शंका घ्यावी. मागे लघवीतला किंवा छातीतला संसर्ग असतो, सोडियम घसरलेलं असतं, नाहीतर नव्याने सुरू केलेली झोपेची गोळी. त्याच दिवशी रुग्णालय गाठा. ‘वयच झालं’ म्हणत थांबणं इथे जिवावर बेततं.

स्मृतिभ्रंश बहुधा महिनोन्‌महिने वाढत जातो. तिथेही आधी बी-१२ जीवनसत्त्व आणि थायरॉइडची तपासणी, आणि मेंदूचा स्कॅन. डोक्याला किरकोळ मार लागून आत हळूहळू साचलेलं रक्त असंच विस्मरण घडवतं, आणि ते शस्त्रक्रियेने काढता येतं. नैराश्यही असंच फसवतं.

अल्झायमरचं, म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या सर्वाधिक आढळणाऱ्या प्रकाराचं निदान झालं की सहसा डोनेपेझिल ही गोळी: रात्री ५ मिलिग्रॅम, सोसलं तर ४ ते ६ आठवड्यांनी १०. मळमळ, जुलाब होऊ शकतात. नाडी मंदावून चक्कर आली तर डॉक्टरांना लगेच कळवा. आजार थांबत नाही, लक्षणं काही काळ सावरतात. अमेरिकेत २०२३ मध्ये पूर्ण मान्यता मिळालेलं लेकॅनेमॅब हे औषध मेंदूत साचलेलं अमायलॉइड नावाचं प्रथिन हटवतं, पण ते सुरुवातीच्या टप्प्यापुरतंच. मेंदूला सूज किंवा रक्तस्राव होऊ शकतो म्हणून एमआरआय पुन्हापुन्हा करावा लागतो.

स्मृतिभ्रंशाच्या लेवी बॉडी या प्रकारात रुग्णाला समोर नसलेली माणसं, प्राणी स्पष्ट दिसतात. भास थांबवायला हॅलोपेरिडॉल हे मनोविकारावरचं औषध दिलं तर अंग ताठरतं, प्रकृती गंभीर होऊ शकते. म्हणून हे निदान फाइलच्या पहिल्याच पानावर ठळक लिहून ठेवा.

आणि रुग्ण अचानक चिडू लागला, मारायला धावला, तर शांत करणारी गोळी मागण्याआधी पोट साफ होतंय का, लघवी तुंबली आहे का, दात किंवा सांधा दुखतोय का, ते पाहा. दुखणं त्याला शब्दांत सांगता येत नसतं.