डब्यातला गुलाबी

शुक्रवार पेठेतलं रंगाचं दुकान. काउंटरवर शेड कार्ड पसरलंय आणि एक काकू निळ्यावर बोट ठेवून थबकल्यात. "निळ्याने म्हणे मन शांत होतं. पण फार निळं झालं तर उदास नाही ना वाटायचं?"

दुकानदार पुणेरीच. "काकू, डब्यावर तसं काही लिहिलेलं नाही. दोन हात मारा, एवढंच लिहिलंय."

मागे मशीनमध्ये दुसऱ्याच कुणाचा डबा. पांढऱ्या बेसमध्ये लाल धार पडते, झाकण बसतं, डबा गदागदा हलतो. उघडला की आत गुलाबी.

आठ भाग पांढरा, एक भाग लाल. या मापाचा गुलाबी 1979 साली अमेरिकेत, सिॲटलच्या नौदल तुरुंगातल्या कोठडीला फासला गेला. संशोधक अलेक्झांडर शॉस यांचा दावा होता, की हा रंग बघितला की माणसाचा राग ओसरतो, हातातला जोरही कमी होतो. तुरुंगाच्या दोन अधिकाऱ्यांच्या नावांवरून रंगाचं बारसं झालं: बेकर-मिलर पिंक. मग ठिकठिकाणच्या कोठड्या गुलाबी झाल्या. रंगाचा डबा पहारेकऱ्यापेक्षा स्वस्त पडतो, हेही कारण असेल म्हणा.

पुढे स्वित्झर्लंडच्या एका तुरुंगात हे नीट तपासलं. नियम मोडलेले काही कैदी गुलाबी कोठडीत, काही पांढऱ्या. कोण कुठे, ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलेलं. तीन दिवस नजर ठेवली. राग उतरला, पण दोन्हीकडे, सारखाच.

आता लक्ष्मी रोडला या, जानेवारीत. एरवी बारशाला काळं नेसून गेलात, तर आत्याबाई उंबऱ्यातच भुवया उंचावतील. संक्रांतीला मात्र त्याच आत्याबाई नव्या सुनेसाठी काळी चंद्रकळा निवडतायत. "काठ जरा ठसठशीत दाखवा हो!" थंडीत काळं ऊब धरतं, असं घरोघरी सांगतात. शिवाय त्या काळ्यावर हलव्याचे पांढरे दागिने काय खुलतात! फोटोत सून लाजतेय, हळदीकुंकवाला आलेल्या बायका हलव्याचे काटे निरखतायत. काळ्या रंगाने उदास झालेलं कुणी दिसत नाही.

इकडे काकूंचा निळा अजून ठरायचाय.

"ट्यूबलाइटखाली काय ठरवता? उन्हात नेऊन बघा."

काकू कार्ड घेऊन फुटपाथवर येतात, डोळे बारीक करतात.

"अहो, हा तर हिरवट दिसतोय!"