दातांच्या फटीतील वस्ती

श्रोतेहो, नमस्कार.

सकाळी जाग आल्यावर दातांवरून जीभ फिरवली की जो बुळबुळीत थर लागतो, तो जीवाणूंचा असतो. हाच थर एका माणसाने सुमारे साडेतीनशे वर्षांपूर्वी भिंगाखाली धरला, आणि ती हकिकत सांगितल्यावाचून मला जीवाणूंविषयी बोलताच येत नाही.

आंतोनी व्हान लेव्हेनहूक हा नेदरलँड्समधील डेल्फ्टचा कापडाचा व्यापारी. त्याने विद्यापीठाचे तोंड पाहिले नव्हते, लॅटिन त्याला येत नव्हते. परंतु इवलीशी भिंगे तो स्वतः घडवत असे, आणि धातूच्या पट्टीत बसवलेले असे एकच भिंग डोळ्याला जवळजवळ टेकवून तासन्‌तास पाहत बसे. सप्टेंबर १६८३ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेला लिहिलेल्या पत्रात तो सांगतो की, आपण रोज सकाळी मिठाने दात घासतो, कापडाने पुसतो, तरीही फटींत कालवलेल्या पिठासारखा पांढरा पदार्थ उरतोच. तो त्याने कोरून काढला आणि पावसाच्या स्वच्छ पाण्यात मिसळून पाहिला, तेव्हा काही इवले जीव माशासारखे पाणी कापत सुसाट जात होते, तर काही भोवऱ्यासारखे गरगरत होते. पुढे त्याने जन्मात कधी दात न घासलेल्या एका म्हाताऱ्याच्या दातांवरचे कीटण मागून घेतले. त्यातील गर्दी आणि चपळाई पाहून तो थक्क झाला. आपल्या देशात जितकी माणसे आहेत त्यांहून अधिक जीव आज माझ्या तोंडात आहेत, असे त्याने लिहून ठेवले. शाळेत मुलांना आकृत्या गिरवायला लावण्याआधी एकदा तरी असा थेंब भिंगाखाली दाखवावा, असे मला फार वाटते.

त्याने पाहिलेला हा जीव म्हणजे एकच पेशी, बहुधा मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढी. तिला केंद्रक नसते, जनुकीय धागा पेशीत मोकळाच असतो. ती वाढते आणि दुभंगते, एवढेच तिचे पुनरुत्पादन. मात्र अन्न आणि ऊब मिळाली तर काही जीवाणू वीस मिनिटांत दुप्पट होतात, आणि असेच चालू राहिले तर दहा तासांत एकाचे शंभर कोटींहून अधिक होतात.

यांतील बहुतेक आपले काही बिघडवत नाहीत. आतड्यातील काही जीवाणू तर आपल्यासाठी के जीवनसत्त्व तयार करतात. म्हणून ‘जंतू’ हा शब्द आपण सरसकट तिरस्काराने उच्चारतो, ते मला पटत नाही. दातांवरचा स्ट्रेप्टोकोकस म्युटन्स हा जीवाणू साखर खाऊन आम्ल सोडतो आणि त्या आम्लाने दाताचे कवच विरघळते. म्हणजे दात किडतो तो या जीवाणूला वारंवार साखर मिळाल्याने. पुन्हा सांगतो, वारंवार. आणि सर्दी विषाणूंमुळे होते, जीवाणूंमुळे नव्हे. तिच्यासाठी प्रतिजैविक, म्हणजे जीवाणू मारणारे औषध, घेतले तर सर्दी तशीच राहते, आतड्यातील निरुपद्रवी जीवाणू मात्र मरतात आणि औषधाला न जुमानणारे मागे उरून वाढतात.

लेव्हेनहूकच्या त्याच पत्रात आणखी एक प्रयोग आहे. हे जीव व्हिनेगरमध्ये मिसळले की मरतात, हे त्याला दिसले होते. मग त्याने जहाल व्हिनेगरने चूळ भरली, आणि तरीही फटीतील पदार्थात ते जिवंतच सापडले. व्हिनेगरने फक्त बाहेरचे मारले, आतपर्यंत ते शिरलेच नाही, असा निष्कर्ष त्याने काढला. आज आपण जाणतो की जीवाणू स्वतःच चिकट पदार्थ स्रवून असा थर बांधतात. म्हणूनच चूळ कितीही भरली तरी ब्रशने तो खरवडावाच लागतो. असाच थर शरीरात बसवलेल्या नळीवर किंवा कृत्रिम सांध्यावर जमला, तर प्रतिजैविकाने वरचे मरतात, आतले सुस्त पडून तग धरतात, आणि कित्येकदा ती नळीच काढून टाकावी लागते.